गळ टाकणाऱ्यांचे दप्तर

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यासमोर ताम्रपट, शिलालेख, बखरी, महजर, पत्रव्यवहार आणि फार तर जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली येतात. तळ्याकाठी गळ टाकून बसलेल्या एखाद्या निवृत्त गृहस्थाच्या खिशातली वही या यादीत कोणी धरत नाही. त्या वहीत काय असते? तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, पाणी गढूळ की नितळ, गळाला लावलेले आमिष, लागलेला मासा आणि त्याचे वजन. घरच्यांना हा रिकामपणाचा उद्योग वाटतो. गृहस्थ गेल्यावर वही रद्दीत जाते.

या वह्यांना आणि त्या लिहिणाऱ्यांच्या मंडळांना इतिहासाच्या साधनांत जागा द्यावी, असे मला वाटते, आणि का वाटते ते या लेखात मांडायचे आहे. इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. नोकरी सांभाळून ग्रंथालयांतून जे वाचता आले तेवढ्यावर माझी मजल. ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकाचे जुने खंड चाळताना शिकारीच्या आणि पक्ष्यांच्या टिपणांशेजारी मासेमारीच्या छंदाची टिपणे वारंवार दिसू लागली. ती एका ओळीत लावत गेलो, तेव्हा त्यातून आपल्या नद्यांचा आणि तळ्यांचा एक इतिहास दिसू लागला, जो दुसरीकडे कुठे लिहिलेला नव्हता.

मासेमारीचे दोन प्रकार इथेच वेगळे करतो. एक पोटासाठी केलेली. तिच्यात जाळे, पाग, होडी आणि बाजार येतो. दुसरी वेळ घालवण्यासाठी आणि आनंदासाठी केलेली. तिच्यात एक काठी, एक दोरी, एक गळ आणि भरपूर सबुरी लागते. कोकणात तिला ‘गरवणे’ म्हणतात. तिथे ‘गरी’ घेऊन खाडीच्या काठी बसलेला म्हातारा नवलाचा नसतो. शहरात मात्र या छंदाची मंडळे झाली, नियम झाले, परवाने आले, नोंदवह्या आल्या. या मंडळांत पिकल्या केसांची माणसे नेहमीच जास्त दिसतात, आणि त्याचे कारण साधे आहे. या छंदाला पैशापेक्षा वेळ अधिक लागतो, आणि वेळ साठीनंतरच मिळतो.

भूलोकमल्लाचा मत्स्यविनोद

हा छंद साहेबाने आणला अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती दुरुस्त करायला कल्याणीच्या चालुक्यांपर्यंत मागे जावे लागते. तिसरा सोमेश्वर, बिरुद ‘भूलोकमल्ल’, इसवी सन ११२७ च्या सुमारास गादीवर आला. त्याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ मराठी वाचकाला परिचित आहे तो त्यातल्या मराठी गीताच्या उल्लेखामुळे. भाषेच्या इतिहासात त्याचा दाखला नेहमी दिला जातो. पण त्याच ग्रंथाच्या विनोदांच्या विभागात, म्हणजे राजाने मन रमवण्यासाठी काय काय करावे हे सांगणाऱ्या भागात, ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. त्याकडे मराठीत फारसे कोणी वळलेले नाही.

या प्रकरणात पस्तीसच्या आसपास माशांची नावे आहेत. त्यांची वर्गवारी समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे आणि लहान अशी केलेली आहे. कोणत्या माशाला पिठाचे गोळे आवडतात, कोणाला मांस, त्यांना एका जागी यायची सवय कशी लावावी, दोरी कशाची असावी, काठी कशी असावी, गळ कसा असावा, मासा लागल्यावर दोर कधी सैल सोडायचा आणि कधी ओढायचा, हे सगळे तिथे आहे. नावाजलेले मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकरणावर सविस्तर लिहिले, तेव्हा अभ्यासकांचे लक्ष त्याकडे गेले.

आज तळ्यावर गेलात तर गळ टाकण्यापूर्वी पाण्यात पेंड आणि कणकेचा चारा टाकून माशांना जागेची सवय लावणारी माणसे दिसतील. त्यांच्यापैकी कोणी सोमेश्वराचे नाव ऐकलेले नसेल, पण कृती तीच आहे. मला महत्त्वाची वाटते ती आणखी एक गोष्ट. राजाने ही विद्या लिहून ठेवली. पकडायला सोपे जावे म्हणून माशांची नावे, सवयी आणि खाणे नोंदवले, आणि त्यातून नऊशे वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या पाण्यातल्या माशांची एक यादी आपल्या हाती आली. छंदातून नोंद आणि नोंदीतून ज्ञान, ही वाट इतकी जुनी आहे.

साठीला आलेला ग्रंथकार

इंग्रजांकडे या छंदाचा पाया घालणारा ग्रंथ म्हणजे आयझॅक वॉल्टनचा ‘द कम्प्लीट अँगलर’. तो १६५३ साली प्रसिद्ध झाला. वॉल्टनचा जन्म १५९३ चा, म्हणजे ग्रंथ आला तेव्हा तो साठीला टेकलेला होता. लंडनमधला हा व्यापारी. देशात यादवी युद्ध होऊन गेलेले, राजाचा शिरच्छेद झालेला, आणि वॉल्टन राजपक्षाचा. अशा दिवसांत त्याने नदीकाठच्या शांत माणसांबद्दल ग्रंथ लिहिला. पुढे तो त्यात भर घालत राहिला. त्याच्या हयातीत पाच आवृत्त्या निघाल्या. पाचवी आली १६७६ साली, तेव्हा वॉल्टन त्र्याऐंशी वर्षांचा होता, आणि त्याच्याहून पुष्कळ तरुण असलेल्या चार्ल्स कॉटन या मित्राचा स्वतंत्र भाग तिला जोडलेला होता. वॉल्टन नव्वद वर्षे जगला. म्हातारपणी हातात घेण्यासारखा उद्योग अशी या छंदाची जी प्रतिमा इंग्रजी समाजात रुजली, तिच्या मुळाशी हा ग्रंथ आणि हे आयुष्य आहे.

हीच परंपरा घेऊन इंग्रज अधिकारी हिंदुस्थानात आले. मद्रासच्या मुलकी सेवेतला हेन्री सुलिव्हन थॉमस याने १८७३ साली मंगळूरहून ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक काढले. पुढे १८८७ साली त्याने ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ हे दुसरे पुस्तक लिहिले. पहिल्यात डोंगरातल्या नद्या आणि महाशीर यांचा मान मोठा. दुसरे गावोगावच्या तळ्यांवर. आपल्याकडची मंडळे पुढे तळ्यांच्याच काठी वाढली, म्हणून मला दुसरे पुस्तक अधिक जवळचे वाटते.

थॉमसच्या लेखनाला दुसरी बाजूही आहे. याच सुमारास, १८७३ मध्ये, फ्रान्सिस डे याने हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातल्या माशांवरचा आपला अहवाल सरकारला दिला. नद्यांत विष कालवून आणि बारीक जाळ्यांनी पिल्लांसकट मासे उपसले जातात, सुरुंगाच्या दारूने डोह उडवले जातात, अशा तक्रारी या लेखकांनी वारंवार मांडल्या. अखेर १८९७ साली हिंदुस्थानचा मत्स्य कायदा झाला आणि पाण्यात स्फोटके व विष वापरणे गुन्हा ठरले. तो कायदा चांगला होता यात शंका नाही. पण त्याची भाषा घडवणाऱ्यांच्या नजरेत नदीवर पोट भरणारा बहुधा चोर होता आणि हौसेसाठी मासा धरणारा सभ्य. या नजरेकडे मी पुढे परत येणार आहे.

पवईचे पाणी

मुंबईला पाणी पुरवण्यासाठी विहार तलाव १८६० साली आणि तुळशी तलाव १८७९ साली झाला. त्यानंतर शहराची तहान वाढली म्हणून पवईच्या खोऱ्यात बांध घालून १८९१ मध्ये तिसरा तलाव तयार केला गेला. पण त्याचे पाणी पिण्याजोगे निघाले नाही आणि पाणीपुरवठ्याच्या यादीतून पवईचे नाव लवकरच गळाले. शहराच्या दृष्टीने ती फसलेली योजना. गळ टाकणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र ती पर्वणी ठरली, कारण पिण्याच्या तलावावर जी बंधने असतात ती इथे उरली नाहीत. १९३० च्या दशकात हा तलाव मासेमारीच्या हौशी मंडळींच्या संस्थेकडे आला. तिचे पुढे बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन झाले, आणि राज्य स्थापन झाल्यावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन.

नावातले हे बदल सोपे वाटतात, पण त्यांत एक सामाजिक बदल आहे. साहेब गेले. त्यांच्या खुर्च्यांवर आधी पारशी, गोवेकर, अँग्लो-इंडियन आणि बंगाली मंडळी दिसू लागली, मग मराठी कारखानदार, बँकवाले, गिरणीतले आणि रेल्वेतले निवृत्त लोक. समोरच्या काठावर १९५८ साली आयआयटी सुरू झाली, डोंगर फोडून वसाहती उभ्या राहिल्या, पण गळ टाकणाऱ्यांची रीत फारशी बदलली नाही.

अशा मंडळांत माणसे नेमके काय करतात, हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. पहाटे यायचे, जागा धरायची. चारा टाकायचा. मोरपिसाच्या दांड्याचे तरते दोरीला बांधायचे, खोलीचा अंदाज घेऊन ते वर-खाली सरकवायचे. मग तासन्‌तास त्या पिसाकडे बघायचे. पीस नुसते थरथरले तर लहान मासा कणीक कुरतडतो आहे, सावकाश तिरपे होऊन बुडाले तर मोठा, असे अर्थ लावायचे. या कामाला गुडघे धड लागत नाहीत, कान तीक्ष्ण लागत नाहीत. लागते ती नजर, आणि गप्प बसण्याची तयारी. शेजारी बसलेल्याशी दोन तासांत चार वाक्ये झाली तरी ती मैत्री ठरते. पत्नी गेल्यानंतर घरात बसवत नाही म्हणून येणारे मला भेटले आहेत. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर वैद्याने चालायला सांगितले तेव्हा चालत चालत काठावर पोहोचलेले आणि तिथेच रमलेलेही भेटले आहेत.

पण मंडळाचे काम इथे संपत नाही. परवाने द्यायचे, पाण्यात माशांची बोटभर पिल्ले सोडायची, चोरून जाळी लावणाऱ्यांवर पाळत ठेवायची, जलपर्णी वाढली की काढून घेण्यासाठी पालिकेकडे खेटे घालायचे, स्पर्धा भरवायच्या आणि मासे तोलून नोंद करायची. हल्ली बरेच जण मासा तोलून, छायाचित्र काढून परत पाण्यात सोडतात. या तोलण्यामुळेच हे मंडळ इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते, कारण एका पाण्यात वर्षानुवर्षे कोणता मासा किती मोठा होत होता याची सलग नोंद ठेवणारे दुसरे कोणी नसते. सरकारी अहवालांत टनांचे आकडे असतात. या वह्यांत एकेका माशाचे वजन असते.

उदाहरणार्थ, आज तळ्यातला मासा म्हटले की कटला, रोहू आणि मृगळ डोळ्यांपुढे येतात. हे मासे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे. त्यांची अंडी साठलेल्या पाण्यात आपोआप होत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मस्तकग्रंथीचा अर्क टोचून कृत्रिम प्रजनन यशस्वी केले, आणि त्यानंतर पिल्ले देशभर मिळू लागली. तिलापिया हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला गेला, आणि आज आपल्या कितीतरी तळ्यांत त्याचेच राज्य आहे. हे बदल देशपातळीवर ग्रंथांत नोंदलेले आहेत. पण तुमच्या गावच्या तळ्यात तिलापिया नेमका कोणत्या वर्षी पहिल्यांदा गळाला लागला, आणि त्यानंतर किती वर्षांनी मूळचा मासा लागेनासा झाला, हे कोण सांगणार? ते सांगू शकते फक्त काठावरच्या म्हाताऱ्याची वही.

लोणावळ्याची अंडी

आता महाशीर. हौशी मासेमारांच्या जगात याला राजाचा मान आहे. आपल्या सह्याद्रीतल्या महाशीराचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. हे नाव दिले कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२० च्या दशकात तो दख्खनभर फिरला आणि पुढे १८३९ च्या सुमारास त्याने इथल्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. ‘खुद्री’ त्याला पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळाला. साइक्सने एक मोठे काम नकळत केले. मराठी मासेमारांच्या तोंडून ऐकलेली नावे त्याने शास्त्रीय नावांत तशीच घातली. खुद्री, कोलुस, मुसुल्ला, फुलंगी, इचकी ही सगळी नावे त्याच्या यादीत आहेत. ज्या भोयांनी आणि कोळ्यांनी ती सांगितली त्यांची स्वतःची नावे कुठे आली नाहीत, पण त्यांचे शब्द जगभरच्या ग्रंथांत जाऊन बसले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी लोणावळा, वळवण, शिरवता हे तलाव झाले. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. मागून मुळशीचे धरण आले, आणि त्याला विरोध करणारा सेनापती बापटांचा १९२१ ते १९२४ चा सत्याग्रह मराठी वाचकाला सांगायला नको. ज्या पाण्याच्या काठी पुढे हौशी लोक गळ टाकून बसले, त्या पाण्याखाली मावळ्यांची भातखाचरे आहेत, हे विसरून हा इतिहास लिहिता येत नाही.

धरणांनी माणसांबरोबर माशांचीही वाट अडवली. महाशीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि खडकाळ, वाहत्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. बांध आला की ही चढण तुटते. मासे कमी होत असल्याची ओरड हौशी मासेमारांतून होत होतीच. या टप्प्यावर डॉ. चं. वि. कुलकर्णी यांचे नाव येते. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालकपद भूषवलेला हा माणूस. टाटा विद्युत कंपन्यांच्या मदतीने १९७० च्या सुमारास लोणावळ्याला महाशीराचे प्रजनन केंद्र उभे राहिले ते त्यांच्या मार्गदर्शनाखाली. त्यांना पुढे साथ मिळाली स. ना. ओगले यांची.

काम सांगायला सोपे, करायला अवघड. जुलै-ऑगस्टमध्ये मासे तलावातून ओढ्यांच्या मुखाशी येतात, तेव्हा त्यांना अलगद धरायचे. मादीच्या पोटावरून हात फिरवून अंडी भांड्यात काढायची, त्यांवर नराचे वीर्य मिसळायचे आणि वाहत्या पाण्यातल्या ट्रेमध्ये ठेवायचे. तीनेक दिवसांत पिल्ले फुटतात. याच कामात कुलकर्णी आणि ओगले यांना एक उपयोगी गोष्ट सापडली. फलित अंडी पाण्याशिवाय, नुसत्या ओल्या कापसात गुंडाळून दूरवर पाठवता येतात. १९७९ साली त्यांनी ही पद्धत आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पाण्याने भरलेले डबे विमानाने न्यायचे तर वजन किती होईल याचा विचार करा, म्हणजे या साध्या युक्तीचे महत्त्व कळेल. सह्याद्रीतला महाशीर आता कापसात झोपून देशात कुठेही जाऊ शकत होता, आणि तो गेलाही.

कावेरीची साक्ष

तो जिथे जिथे गेला त्यात एक कावेरी होती. कावेरीच्या खोऱ्यातला महाशीर वेगळा. पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, आणि आकाराने प्रचंड. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने १९४६ साली कबिनी नदीत एकशे वीस पौंडांचा, म्हणजे चोपन्न किलोंहून अधिक वजनाचा, मासा गळाने काढला. तो विक्रम जगभरच्या पुस्तकांत नोंदला गेला. पुढे सुरुंगाने आणि बेसुमार मासेमारीने तिथलेही मासे घटले. तेव्हा कर्नाटकातल्या हौशी मासेमारांनी नदीचे पट्टे राखायला घेतले, राखणदार नेमले, आणि नदी पुन्हा भरावी म्हणून १९७० च्या दशकापासून बाहेरून महाशीराची पिल्ले आणून सोडली गेली. ती होती लोणावळ्याच्या वंशाची, म्हणजे आपल्या निळसर परांच्या खुद्रीची.

यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. उलट, त्या काळात यापेक्षा चांगले काम कोणते असेल असेच सर्वांना वाटले. कावेरीत मासे वाढले. गळाला अधिक मासे लागू लागले. सगळे खूश झाले.

यानंतर वह्या बोलू लागल्या. कावेरीवरच्या गळीबोरे येथील तळावर १९९८ ते २०१२ या काळात गळ टाकणाऱ्यांनी ठेवलेल्या नोंदी एड्रियन पिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. तेवीस हजारांहून अधिक तासांची मासेमारी आणि सहा हजारांहून अधिक मासे, प्रत्येकाचे वजन आणि वर्णन. २०१५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की या वर्षांत माशांची संख्या वाढली, पण सरासरी वजन उतरत गेले. वाढले ते निळसर परांचे पाहुणे. कुबडाचा मूळ महाशीर जवळजवळ नाहीसा होत चालला होता, आणि गळाला लागत होते ते फक्त जुने, मोठे मासे. पिल्ले दिसत नव्हती. म्हणजे वंश पुढे सरकत नव्हता.

त्याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे या जगप्रसिद्ध माशाला तोवर निश्चित शास्त्रीय नावच नव्हते. तो ‘टॉर रेमादेवी’ या जातीचा आहे हे २०१८ साली सिद्ध झाले. ते सिद्ध करणाऱ्या चमूत पुण्यात काम करणारे नीलेश डहाणूकर होते. त्याच वर्षी ही जात अतिसंकटग्रस्त म्हणून जागतिक यादीत नोंदली गेली. आपली खुद्री मात्र धोक्याच्या यादीतून बाहेर आली. एकाच माणसांच्या कामाची ही दोन फळे आहेत. सह्याद्रीचा मासा वाचला आणि त्याच्यामुळे कावेरीचा संकटात आला.

मला या हकिकतीत सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की चूक पकडली गेली ती चूक करणाऱ्यांच्याच वह्यांतून. नुसती आठवण विचारली असती तर प्रत्येकाने ‘मासे वाढले’ असेच सांगितले असते, आणि ते खोटेही नव्हते. तारीख, तास, वजन आणि पराचा रंग लिहिलेला होता म्हणून खरी गोष्ट बाहेर आली. हौशी माणूस मोठ्या माशाबद्दल फुगवून सांगतो अशी त्याची ख्याती. पण काट्यावरचे वजन लिहिताना तो बहुधा प्रामाणिक असतो, कारण शेजारी दुसरा म्हातारा बसलेला असतो.

वहीत नसलेली माणसे

या दप्तराची एक मोठी उणीव सांगितलीच पाहिजे. त्यात परवानाधारक सभासदांचे मासे आहेत. त्याच पाण्यावर जगणाऱ्या भोई, कोळी, ठाकर, कातकरी लोकांचे मासे नाहीत. साहेबी मंडळांच्या जुन्या लेखनात ही माणसे आली तर चोर म्हणून येतात. हा वारसा आपल्या मंडळांनी पुष्कळसा तसाच उचलला.

खरे तर पहिल्या पावसात शेतांतून आणि ओढ्यांतून वर येणारे चढणीचे मासे, म्हणजे वळगण, कोणत्या नक्षत्रात कुठे चढते, हे कातकऱ्याला जितके ठाऊक तितके कोणत्याही सभासदाला नसते. आणि मासे राखण्याची रीतही मंडळांच्या आधीची आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथे वरदायिनी देवीचे मासे म्हणून महाशीराला कोणी हात लावत नाही. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे येथे देवळाच्या डोहातल्या माशांना असेच अभय आहे. तिथे परवाना नाही, दंड नाही, नोंदवहीही नाही. देवीचा धाक आणि गावाची शिस्त, एवढ्यावर मासे टिकले. नदीचे इतर पट्टे रिकामे झाले तेव्हा अभ्यासकांना महाशीर शोधायला याच डोहांवर यावे लागले.

म्हणून दोन्ही साधने एकमेकांशेजारी ठेवायला हवीत, मंडळातल्या निवृत्ताची वही आणि वाडीतल्या म्हाताऱ्याची आठवण. वहीत आकडे आहेत पण पन्नास-साठ वर्षांच्या मागे ती क्वचित जाते, आणि सभासदांपुरतीच बोलते. आठवणीत आकडे नसतात, पण माशांची मराठी नावे, त्यांच्या जागा आणि ऋतू असतात. साइक्सने दोनशे वर्षांपूर्वी ऐकलेल्या नावांपैकी किती आज नदीकाठी चालू आहेत, हे तपासण्याचे काम अजून करण्यासारखे आहे, आणि ते विद्यापीठाची वाट न पाहता कोणालाही करता येईल.

काय करता येईल

आपल्या राज्यात धरणे आणि तळी असंख्य आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक मोठ्या पाण्याच्या काठी सकाळी गळ टाकून बसणारी ज्येष्ठ मंडळी आहेत. काहींची रीतसर मंडळे आहेत, काहींचा नुसता कट्टा आहे. ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी ती रद्दीत टाकू नये. निदान तिची छायाचित्रे काढून जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला किंवा जिल्ह्याच्या ग्रंथालयाला द्यावीत. ज्या मंडळांकडे स्पर्धांचे जुने निकाल आहेत त्यांनी केवळ विजेत्याचे नाव न जपता सगळ्या माशांची वजने जपावीत, कारण इतिहासाला विजेत्यापेक्षा सरासरी अधिक सांगते. जे आज लिहित आहेत त्यांनी दोन रकाने वाढवावेत. एक, मासा लागला नाही त्या दिवसाचाही, कारण रिकामा दिवस ही नोंदच आहे. दुसरा, माशाच्या स्थानिक नावाचा. आणि पाण्यात नवी पिल्ले सोडण्याआधी ती कुठल्या नदीची आहेत हे विचारावे. कावेरीने हा धडा फार महाग शिकवला आहे.

सोमेश्वराच्या ग्रंथातली माशांची यादी आजच्या भीमेच्या आणि कृष्णेच्या पाण्याशी ताडून पाहणारे अभ्यासक आहेत. त्यांना नऊशे वर्षांचा एक टोकाचा बिंदू मिळाला आहे. दुसरे टोक आज आपल्या हातात आहे. मधली वर्षे जिथे जिथे भरता येतील तिथे ती अशाच माणसांच्या वह्यांनी भरतील, ज्यांना नोकरीतून मोकळे झाल्यावर दिवसभर एका पिसाकडे बघत बसायला वेळ होता, आणि संध्याकाळी उठताना जे दिसले ते लिहून ठेवायची सवय होती.